समाक्ष केबलचा सांधा : डाखापासून दाबापर्यंत

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास लिहिणारे केबलचा वृत्तांत सविस्तर देतात. तिच्या टोकाशी बसणाऱ्या कनेक्टरकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच जाते. मधोमध एक तार, तिच्याभोवती विद्युत्‌रोधक आणि बाहेरून धातूचे वेष्टन, या समाक्ष रचनेचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइड याने १८८० साली इंग्लंडमध्ये घेतले. अमेरिकेत एस्पेनशीड व अ‍ॅफेल यांना १९३१ साली मिळालेले पेटंटही सर्वश्रुत आहे. परंतु केबल कितीही उत्तम असली, तरी संकेत बिघडतो तो बहुधा सांध्यापाशीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रडारसाठी असे सांधे मोठ्या संख्येने लागू लागले. बेल प्रयोगशाळेतील पॉल नील आणि अँफिनॉलमधील कार्ल कॉन्सेलमन यांच्या आडनावांची आद्याक्षरे 'बीएनसी' या नावात आजही टिकून आहेत. त्या काळच्या कनेक्टरात मधली सुई डाखून बसवीत व तारांची जाळी पिंजून नटाखाली आवळीत. येथे एक अडचण होती. कथिल व शिसे यांचा डाख सुमारे १८३ अंशांच्या पुढे वितळतो, तर विद्युत्‌रोधक पॉलिथिलीन ११० अंशांच्या आसपासच मऊ पडते. कारागिराचा हात क्षणभर रेंगाळला, की सुई मध्यापासून ढळे आणि सांध्याचा संरोध बदले. म्हणजे सांध्याची गुणवत्ता सर्वस्वी एका मनुष्याच्या हस्तकौशल्यावर अवलंबून होती.

याला पर्याय निराळ्याच क्षेत्रातून आला. अंकस व्हिटेकर याने १९४१ साली 'एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स', म्हणजेच पुढची 'एएमपी', ही कंपनी स्थापन केली. विमानांच्या व जहाजांच्या तारांना डाखाविना, केवळ दाबाने, टोके बसविणे हा तिचा व्यवसाय होता. पुरेसा दाब पडला की धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि दोन धातू हवेलाही वाट न ठेवता एकमेकांस भिडतात. हीच रीत पुढे समाक्ष कनेक्टरांनी उचलली: सुईला एक दाब, जाळीवरच्या कड्याला दुसरा.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी क्रांती दाबात नसून हत्यारात आहे. आरजी-५८ केबलच्या कड्यास ५.४१ मिलिमीटरचा षट्‌कोनी साचा लागतो, आरजी-५९ च्या कड्यास ६.४८ मिलिमीटरचा. मोठ्या साच्यात कडे सैल राहते. लहान साच्यात ते फाटते वा आतला विद्युत्‌रोधक चेपतो. शिवाय या पकडीला असा खटका असतो, की पूर्ण दाब पडेपर्यंत ती उघडतच नाही. पूर्वी जे ज्ञान कारागिराच्या बोटांत होते, ते साच्यात व खटक्यात उतरले. यात कारागिराचे मोल घटले हे खरे. परंतु हजारावा सांधा पहिल्यासारखाच निघू लागला, हा लाभ थोडा नव्हे.

१९५० नंतरच्या दशकात जेरोल्ड कंपनीत एरिक विन्स्टन याने केबल-दूरचित्रवाणीसाठी 'एफ' कनेक्टर रचला. त्यात केबलची मधली तारच सुईचे काम करते. म्हणून तो अत्यंत स्वस्त पडतो. मुंबईच्या चाळी-इमारतींत व्हिडिओ चित्रपट दाखविणारी केबलची जाळी १९८० नंतर पसरली, आणि १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रहवाहिन्यांमुळे ती झपाट्याने वाढली, ती याच कनेक्टराच्या आधारावर. परंतु कनेक्टर स्वस्त आणि त्याचे हत्यार महाग, अशी स्थिती असल्याने साध्या पकडीने कडे चेपण्याची रीत रूढ झाली. जुन्या प्रक्षेपणात असा सांधा पडद्यावर मुंग्या वा सावल्या दाखवी, आणि प्रेक्षक ते सोसून घेई. २०१२ साली मुंबईत अंकीय प्रक्षेपण सक्तीचे झाले, तेव्हा त्याच सांध्यांवर चित्र तुकड्या-तुकड्यांनी गोठू लागले किंवा अजिबात दिसेनासे झाले.