दुष्काळी कामावरील मजुरी आणि धान्याची धारण : मुंबई इलाखा, १८७६-७८

प्रस्तावना

बांधकाम मजुराच्या वेतनाचा विचार करताना दोन प्रश्न नेहमी एकत्र येतात. पहिला, त्याला दिवसाकाठी किती पैसे मिळतात. आणि दुसरा, त्या पैशांत तो जेथे राबतो तेथे काय विकत मिळते. वेतन बाजारभावाशी जोडले की हा दुसरा प्रश्न सुटला, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्याच्या सरकारने मजुरी धान्याच्या भावाशी जोडण्याचा प्रयोग केला. तो प्रयोग तपासला असता हे गृहीतक फसवे असल्याचे दिसते. प्रस्तुत निबंधात या प्रयोगातील हिशेब, त्यातून उद्भवलेला मजुरांचा विरोध आणि त्याचा पुढील काळातील किमान वेतनाच्या विचाराशी असलेला संबंध यांचा परामर्श घेतला आहे.

कामे आणि आरंभीचे दर

१८७६ च्या पावसाने दगा दिला आणि पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर, कलादगी या जिल्ह्यांत खरीप व रब्बी या दोन्ही पिकांची आशा संपली. शेतावरील काम थांबल्याने शेतमजुरांबरोबर लहान शेतकरीही सरकारी कामांवर आले. ही कामे मुख्यतः बांधकामाची होती : रस्त्यांसाठी खडी फोडणे, तलावांचे व कालव्यांचे मातीकाम, लोहमार्गाचा भराव. नीरा कालवा, म्हसवडचा तलाव, दौंड-मनमाड लोहमार्ग यांसारखी आज परिचित असलेली कामे या दुष्काळातील मजुरांच्या हातांनी उभी राहिली वा पुढे सरकली.

आरंभी पुरुषास रोज २ आणे, स्त्रीस दीड आणा आणि काम करू शकणाऱ्या मुलास १ आणा असे ठोक दर होते. परंतु धान्य जसजसे महागले तसतसा ठोक दर निरर्थक होऊ लागला. नोव्हेंबर १८७६ च्या मध्यास रुपयाला १६ पौंडांपेक्षाही कमी धान्य मिळू लागले, तेव्हा सरकारने सरकता दर स्वीकारला. त्यानुसार पुरुषास १ पौंड धान्याची त्या वेळची किंमत आणि वर १ आणा द्यावयाचा होता.

सरकत्या दराचा हिशेब

वरकरणी हा दर मजुराच्या हिताचा वाटतो, कारण भाव चढला की रोख मजुरीही चढते. पण थोडा हिशेब केला की वेगळे चित्र दिसते. रुपयाला ३२ पौंड धान्य मिळत असताना १ पौंडाची किंमत अर्धा आणा होते. म्हणजे मजुरी दीड आणा आणि तिचे धान्य ३ पौंड. भाव १६ पौंडांवर आला की मजुरी २ आणे होते आणि धान्य २ पौंड मिळते. हाच भाव ८ पौंडांपर्यंत घसरला, तर मजुरी ३ आणे होते. परंतु त्यात दीडच पौंड धान्य येते. रोख मजुरी दुप्पट झाली तरी तिची क्रयशक्ती निम्म्यावर आली.

कारण उघड आहे. सूत्रातील फक्त १ पौंडाचा भाग भावाबरोबर हलत होता. वरचा आणा स्थिर होता. भाव जितका चढेल तितकी एकूण मजुरी १ पौंडाच्या तळाकडे सरकत जाईल, अशीच त्या सूत्राची घडण होती. शिवाय वरचा आणा धान्यासाठी नव्हताच. मीठ, मिरची, सरपण, तेल, दळणाचा व अंगावरच्या वस्त्राचा खर्च त्यातूनच भागवायचा होता. यांपैकी मिठाची स्थिती तर विशेष बोलकी आहे. दुष्काळ चालू असतानाच, १८७७ च्या अखेरीस, मुंबई व मद्रास इलाख्यांतील मिठावरील कर मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आणे करण्यात आला. एका हाताने सरकार मजुरीत धान्याचा भाव धरीत होते आणि दुसऱ्या हाताने स्थिर आण्यातून घ्यावयाची वस्तू महाग करीत होते.

जानेवारी १८७७ : मजुरांचा नकार

१८७४ च्या बिहारमधील टंचाईत सर रिचर्ड टेंपल यांनी सढळ हाताने खर्च केला होता व त्याबद्दल त्यांच्यावर उधळपट्टीचा आरोप झाला होता. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते दक्षिणेकडे आले, ते काटकसरीचे धोरण घेऊनच. मद्रास इलाख्यात १ पौंड धान्य व अल्प रोख रक्कम एवढीच मजुरी पुरेशी आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. तेथील सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी इतक्या अन्नावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही, असा आक्षेप घेतला आणि पुढे त्याच वर्षी तो दर वाढवावा लागला.

मुंबई इलाख्यात याच सुमारास गावाजवळच्या लहान कामांवरील मजुरी १ पौंड धान्याची किंमत आणि अर्धा आणा इतकी खाली आणली गेली. सशक्त मजुरांनी दूरच्या, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर जावे, हा त्यामागील हेतू होता. अनेक मजुरांनी तेथे जाण्यास नकार दिला आणि ते मोठ्या संख्येने काम सोडून गेले. सरकारी दृष्टीतून हा हटवाद होता. सरकार नमते घेईल व जवळची कामे पुन्हा मिळतील, या आशेने लोक अडून बसले, असा अर्थ लावला गेला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने मात्र जिल्ह्यांतील परिस्थितीची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली व कमी दराविरुद्ध दाद मागितली.

या नकाराकडे राहणीखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर तो तर्कशुद्ध ठरतो. घरापासून दूर जाणे म्हणजे एका चुलीच्या दोन चुली करणे. वृद्ध, आजारी व उरलीसुरली जनावरे गावात ठेवायची, तर त्यांचा खर्च वेगळा; सोबत न्यायची, तर निवाऱ्याचा व सरपणाचा प्रश्न. गावात शेणी-काटक्या वेचून भागे, छावणीवर तेच विकत घ्यावे लागे. सरकारी सूत्रात यांपैकी कशालाच स्थान नव्हते. त्यात 'स्थानिक' होता तो केवळ धान्याचा भाव. स्थानिक जीवन नव्हते.

पौंडापासून उष्मांकापर्यंत

१ पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम ज्वारीतून साधारणतः १,५५० उष्मांक मिळतात. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे निकष ठरविताना प्रौढ व्यक्तीसाठी २,७०० उष्मांकांचे प्रमाण धरले. कमावत्याचे कुटुंब तीन उपभोग-एककांचे मानले. वस्त्र, घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्च यांचाही समावेश केला. १८७७ चे माप केवळ राबणाऱ्या देहाचे होते आणि तेही अपुरे. १९५७ चे माप कुटुंबाचे झाले. या दोहोंतील अंतर आकड्यांपुरते नाही. मजूर म्हणजे कोण, या कल्पनेतील ते अंतर आहे.

तथापि दुष्काळी कामावरील मजूर हा नेहमीच्या मजुरापेक्षा वेगळा, त्याला मिळते ते वेतन नसून साहाय्य, ही जुनी धारणा स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. राजस्थानात १९६४ च्या एका कायद्याने दुष्काळी कामांवरील मजुरांना कामगार कायद्यांच्या संरक्षणातून वगळले होते. अजमेर जिल्ह्यातील एका रस्त्याच्या कामावरून उद्भवलेल्या संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निर्णय दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय. दुष्काळाने गांजलेल्या माणसाची निकड हे त्याला कमी देण्याचे कारण होऊ शकत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. १८७७ साली काम सोडून गेलेल्या मजुरांच्या कृतीत हेच तत्त्व शब्दांवाचून व्यक्त झाले होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वेतनाचा केवळ एक भाग भावाशी जोडला असता महागाईच्या काळात क्रयशक्ती घटतच जाते. चढती रोख मजुरी ही घट झाकते. दोन, धान्याचा भाव म्हणजे राहणीखर्च नव्हे. कामाचे घरापासूनचे अंतर, सरपण, निवारा आणि कमावत्यावर अवलंबून असलेली माणसे ही त्याची तितकीच महत्त्वाची अंगे आहेत. तीन, वेतनसूत्रात कशाची गणना करावयाची हा निर्णय वरकरणी गणिताचा दिसला तरी मूलतः सामाजिक असतो. दौंड-मनमाड मार्गाच्या भरावाचे व नीरेच्या कालव्याचे मोल अभियांत्रिकीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ती कामे ज्या मजुरीवर उभी राहिली, तिचा हिशेब आर्थिक इतिहासाने जिल्ह्यावार व बाजारवार मांडणे आवश्यक आहे. स्थानिक इतिहासाच्या महाविद्यालयीन अभ्यासकांना हे काम विशेषत्वाने करता येण्यासारखे आहे.