नगरप्रदक्षिणा

नगरप्रदक्षिणा : देवस्थान, क्षेत्र किंवा सबंध गाव उजव्या हाताला ठेवून ठरलेल्या वाटेने पायी घातलेली फेरी. ती बहुधा पहाटे किंवा सकाळी निघते. कधी यात्रेकरू क्षेत्राभोवती फिरतो, तर कधी देवच पालखीत बसून गाव फिरतो. दोन्हींना महाराष्ट्रात हाच शब्द लावतात. खेडेगावी तिला ग्रामप्रदक्षिणा म्हणतात. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही गावे मोठ्या तीर्थक्षेत्रांच्या मालिकेत येत नाहीत. तरीही देवाची फेरी, यात्रेकरूची फेरी आणि लोकांसाठी काढलेली पदयात्रा ही तिन्ही रूपे या दोन तालुक्यांत व येथल्या माणसांच्या चरित्रांत एकत्र सापडतात. म्हणून या नोंदीत त्यांचा परामर्श विस्ताराने घेतला आहे.

अर्थ व आचार

प्रदक्षिणा या शब्दातील ‘दक्षिण’ म्हणजे उजवी बाजू. ज्याला मान द्यायचा ते उजवीकडे ठेवून फिरायचे, हा मूळ नियम. शिवालयात मात्र पूर्ण फेरी घालत नाहीत. गाभाऱ्यातले तीर्थ जिथून बाहेर वाहते ते सोमसूत्र ओलांडायचे नसते. तिथपर्यंत जाऊन मागे वळतात. नगरप्रदक्षिणा अनवाणी, नामस्मरण करीत, घाई न करता घालावी, असा संकेत आहे.

पहाटेची वेळ परंपरेने ठरवलेली आहे. देवळात काकडआरतीची घाई, अंगणात नुकताच पडलेला सडा, मोरपिसांची टोपी घालून दारोदार फिरणारा वासुदेव आणि अजून न तापलेली वाट, अशी ती वेळ असते. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी काकडआरती चालते. त्या महिन्यात आरतीनंतर गावातल्या इतर देवळांना पायी जाऊन येण्याची अनेक घरांची रीत असते.

दर्शनाचा क्रमही ठरलेला असतो. पेण आणि रोह्याच्या शेजारच्या सुधागड तालुक्यात पालीचा बल्लाळेश्वर हे अष्टविनायकांपैकी एक स्थान आहे. तिथे आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचे दर्शन घ्यावे आणि मग पूर्वाभिमुख बल्लाळेश्वरापुढे यावे, असा परिपाठ आहे. नवख्या माणसाला हा क्रम कोणीतरी सांगावा लागतो. प्रदक्षिणेत जाणत्याला महत्त्व येते ते इथूनच.

महाराष्ट्रातील प्रमुख प्रदक्षिणा

पंढरपुरात चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नामदेव पायरीला नमस्कार आणि मंदिराभोवतीच्या प्रदक्षिणा मार्गावरून नगरप्रदक्षिणा हे वारीचे अंग आहे. ज्यांना गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही ते कळसाला हात जोडतात, नगरप्रदक्षिणा घालतात आणि वारी पावली असे मानतात. त्र्यंबकेश्वरी तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीला फेरी घालायला लोक मोठ्या संख्येने जमतात. कोल्हापूरची अंबाबाई नवरात्रातल्या अष्टमीला रात्री नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते. नाशकात चैत्र शुद्ध एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. जेजुरीचा खंडोबा सोमवती अमावास्येला पालखीतून कऱ्हेच्या स्नानाला जातो. महाराष्ट्राबाहेर काशीची पंचक्रोशी यात्रा विख्यात आहे. ती पाच मुक्कामांत पुरी करतात.

वाट दाखवणारे

क्षेत्रात आलेल्याला स्नान, श्राद्ध, दर्शन आणि फेरी यांचा क्रम सांगणारा माणूस म्हणजे क्षेत्रोपाध्याय किंवा तीर्थोपाध्याय. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेकरू घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. गाव आणि आडनाव सांगितले की पणजोबा कधी येऊन गेले ते चोपडीतून निघते. आपले पूर्वज याच वाटेने चालले होते हे कळल्यावर यात्रेकरूचे पाऊल आपसूक जपून पडते.

मराठीत हे ज्ञान फार लवकर ग्रंथरूप झाले. महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ हा मुनी व्यास कोठी यांचा चौदाव्या शतकातील ग्रंथ. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, उठले, त्या स्थानांची नोंद त्यात आहे: गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, ओटा कुठे. वाटाड्याच्या तोंडी असलेली माहिती नेमक्या खुणांनिशी लिहून ठेवणारे इतके जुने मराठी पुस्तक दुसरे क्वचितच सापडेल.

रोहा : धावीर महाराजांची पालखी

रोहा कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. पलीकडच्या तीरावर अष्टमी आहे आणि दोन्ही मिळून रोहा-अष्टमी हे जोडनाव चालते. धावीर महाराज हे रोह्याचे ग्रामदैवत. नवरात्रात देवळात घट बसतात आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी ग्रामप्रदक्षिणेला निघते. त्या वेळी पोलिसांची तुकडी देवाला सशस्त्र मानवंदना देते. ही प्रथा ब्रिटिश अमदानीपासून चालत आल्याचे सांगतात. एरवी तालुक्याच्या कायद्याची राखण करणारी माणसे गावाच्या राखणदाराला वंदन करतात, असा तो प्रसंग असतो.

पालखीला घाई नसते. ती आळीआळीने, दारादारांवरून जाते. रस्ताभर रांगोळ्या घातलेल्या असतात, कमानी उभारलेल्या असतात. दाराशी पालखी थांबली की घरातली बाई ताम्हनात निरांजन, हळदकुंकू, नारळ घेऊन पुढे होते. आजारी म्हातारे माणूस खुर्चीसह ओट्यावर आणून बसवतात. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेला मुलगा त्या दिवशी रजा काढून आलेला असतो आणि थोडे अंतर का होईना, दांडीला खांदा देतो. वर्षभर देवळात जे देवाला भेटायला जातात त्यांच्या घरी त्या दिवशी देव येतो. दिवस जातो, रात्र जाते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी देवळात परतते.

कोकणातल्या शिमग्याच्या पालख्यांप्रमाणेच या फेरीचा सामाजिक अर्थ खोल आहे. पालखी जिथून जाते तेवढे गाव आपले, ही सीमा दरवर्षी नव्याने आखली जाते. नकाशात आणि सातबाऱ्यात नोंदलेली हद्द कागदावर असते. पालखीची हद्द भोयांच्या पायांना माहीत असते. कोणाच्या दारी थांबायचे, कोणाचा मान आधी, हे वडीलधाऱ्यांना पाठ असते आणि तरुण पोरे ते चालता चालता शिकतात.

पेण : मूर्तिकारांच्या आळ्या

पेण भोगावती नदीच्या काठी आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावर आणि मुंबई-गोवा महामार्गावर असल्याने येथे पोहोचणे सोपे आहे. गणेशमूर्तींमुळे गावाचे नाव जगभर गेले. मूर्तिकलेच्या वाढीशी देवधर घराण्याचे नाव जोडलेले आहे. आज पेण शहरातल्या आळ्यांबरोबरच हमरापूर, जोहे या गावांतही घराघरांत कारखाने आहेत. येथून मूर्ती महाराष्ट्रभर आणि परदेशांतल्या मराठी घरांपर्यंत जातात.

पेणमध्ये आषाढ-श्रावणातली सकाळ हीच खरी दर्शनाची वेळ. बाहेर पाऊस, आत फळ्यांवर ओळीने मांडलेल्या मूर्ती. कोणी पांढऱ्या, कोणी पिवळ्या पितांबरापर्यंत रंगलेल्या. शाडू मळणारा एक, साच्यातून मूर्ती काढणारा दुसरा, सोंड आणि हात जोडणारा तिसरा, रंग देणारा चौथा. सर्वांत शेवटी येते ती डोळ्यांची आखणी. ते काम मुरलेल्या हाताकडेच जाते. बारीक कुंचला उचलताना कारागीर श्वास धरतो, बुबुळाची रेघ पुरी झाली की सोडतो. तोवर माती असलेली वस्तू त्या रेघेनंतर पाहणाऱ्याकडे पाहू लागते. प्राणप्रतिष्ठा घरी भटजींच्या मंत्रांनी होते, हे खरे. पण पेणच्या आळीतून फिरलेल्या माणसाला तिची चाहूल इथेच लागलेली असते.

गणपती सांगताना घरचा पाट आधी कारखान्यात नेऊन देण्याची जुनी चाल आहे. चतुर्थीला त्याच पाटावर मूर्ती बसवून, तोंडावर रुमाल टाकून, ‘मोरया’च्या गजरात घरी आणतात. कोकणात आजही कित्येक घरी गणपती डोक्यावरून, पायी येतो. कारखाना ते घर आणि विसर्जनाला घर ते पाणी, अशी या देवाचीही एक फेरी असते.

वरसईहून काशी : गोडसे भटजी

पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे या परिसरातले सर्वांत प्रसिद्ध यात्रेकरू. १८५७ साली द्रव्यार्जनासाठी आणि तीर्थयात्रेसाठी ते आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडाच्या वावटळीत सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. लूट, उपास आणि मरणाची भीती सोसूनही त्यांनी यात्रा सोडली नाही. काशीहून गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ज्यांना क्षेत्री जाणे शक्य नव्हते त्यांच्याकडे क्षेत्रच पायी चालत आले.

भारताचार्य चिं. वि. वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे भटजींनी ही हकीगत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. सत्तावनच्या घडामोडी एका भिक्षुकाच्या डोळ्यांनी दाखवणारे पुस्तक म्हणून त्याचे मोल इतिहासकार मानतात. रस्ते, घाट, वाडे, अन्नछत्रे आणि माणसे यांची त्यातली वर्णने पायी चालणाऱ्याची आहेत. पाय थांबतात तिथेच डोळा नीट पाहतो, याचा तो मोठा पुरावा होय.

गागोदे आणि रोहा : दोन पदयात्री

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. लहानपणी गणेशोत्सवात आजोबांच्या देखरेखीखाली घरातली मुले चंदन उगाळीत आणि त्या चंदनाचा गणपती घडवला जाई, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. इतक्या कष्टाने घडवलेली, भक्तीने पुजलेली मूर्ती शेवटी पाण्यात सोडायची, यातून अनासक्तीचा पहिला धडा मिळाला. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा भूमिहीनांसाठी जमीन मागत देशभर चालत राहिले. पहाटे अंधारात, कंदिलाच्या उजेडात ते मुक्काम सोडीत आणि सकाळी पुढच्या गावी पोहोचत. गावाच्या वेशीवर लोक त्यांना सामोरे येत. या यात्रेत देवळाच्या जागी भूमिहीनाची झोपडी होती.

पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात झाला. त्यांनी उभ्या केलेल्या स्वाध्याय परिवारात हा दिवस मनुष्य गौरव दिन म्हणून पाळला जातो. मुंबईच्या माधवबागेतील पाठशाळेत गीतेवर प्रवचने करता करता त्यांनी अनुयायांना गावोगाव फिरायला लावले. या उपक्रमाला त्यांनी ‘भक्तिफेरी’ हे नाव दिले. स्वाध्यायी आपली शिदोरी आपण नेतात, यजमानाकडून काही घेत नाहीत, दारोदार जाऊन माणसांशी बोलतात. माणसाच्या आत देव आहे असे मानले की त्याच्या दाराशी जाणे हीच प्रदक्षिणा होते, ही त्यामागची धारणा.

दोघांनाही लोकनेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला: विनोबांना १९५८ मध्ये, पांडुरंगशास्त्रींना १९९६ मध्ये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारोदार फिरणारा देव ज्या मातीत आहे, तिथली दोन माणसे माणसाला भेटायला दारोदार निघाली, हा मेळ लक्षात घेण्याजोगा आहे.

आजची स्थिती

अलीकडे शहराशहरांतून वारसा फेऱ्या निघू लागल्या आहेत. सकाळी वीस-पंचवीस माणसे जमतात, माहितगार पुढे चालतो आणि वाडे, देवळे, घाट, बाजार यांचा इतिहास उभा करतो. क्षेत्रोपाध्यायाने जे काम श्रद्धेच्या अंगाने केले तेच हा माहितगार अभ्यासाच्या अंगाने करतो. या फेऱ्या मोठ्या शहरांपुरत्या राहू नयेत. रोह्यात कुंडलिकेच्या काठापासून धावीर महाराजांच्या देवळापर्यंत आणि पेणमध्ये मूर्तिकारांच्या आळ्यांतून अशी सकाळ सहज आखता येईल. त्यासाठी दोनच गोष्टी लागतील: पालखीच्या थांब्यांचा क्रम, आळ्यांची जुनी नावे आणि कारागिरांची परिभाषा ज्यांना पाठ आहे अशी वयोवृद्ध माणसे, आणि ऐकून लिहून ठेवणारी तरुण मुले.

महामार्ग रुंद होतात, आळ्यांच्या जागी इमारती येतात आणि घरांच्या नावांऐवजी क्रमांक लागतात. अशा वेळी गावाची आठवण दोनच ठिकाणी टिकते, पोथीत आणि पायांत. पेण-रोह्याची स्थानपोथी अजून लिहायची आहे. ती लिहायला घ्यावी. तोवर वर्षातून एकदा तरी आपले गाव जाणत्या माणसाच्या मागून, सकाळच्या वेळी, पायी फिरून यावे.