धून कुणाची?

१९८६ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्रासाठी निघालेले दोन व्हिडिओ गेम अतोनात गाजले : फेब्रुवारीत ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ आणि मे महिन्यात ‘ड्रॅगन क्वेस्ट’. दोघांचेही संगीत आजवर टिकले. पण त्याची मालकी दोन वेगळ्या वाटांनी गेली.

झेल्डाचे संगीतकार कोजी कोन्दो हे निन्टेन्डोचे पगारी नोकर. शीर्षकासाठी त्यांनी फ्रेंच संगीतकार रॅव्हेल यांची ‘बोलेरो’ ही रचना योजली होती. परंतु रॅव्हेल वारले १९३७ च्या डिसेंबरात, आणि जपानमध्ये तेव्हा स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ५० वर्षे टिकत असे. ती मुदत संपलेली नाही, हे उशिरा ध्यानात आले. कोन्दोंनी घाईघाईने गेममधल्याच मुख्य धुनेची नवी मांडणी केली. तीच जगभर पोहोचली. मात्र १९७० च्या जपानी कायद्यानुसार नोकरीत केलेली आणि संस्थेच्या नावे प्रसिद्ध झालेली कृती, वेगळा करार नसेल तर, संस्थेचीच ठरते. गेमच्या श्रेयनामावलीत कोन्दो आहेत तेही ‘कोनचान’ या टोपणनावाने.

ड्रॅगन क्वेस्टचे कोइची सुगियामा हे बाहेरून आलेले, आधीच नावाजलेले संगीतकार. त्यांनी आपल्या रचनांचे हक्क स्वतःकडे राखले. त्याच वर्षी त्या संगीताची वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रिका निघाली, पुढच्या वर्षी जाहीर मैफल झाली. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंचे संचलन सुरू झाले ते याच संगीतावर.

दिवंगत रॅव्हेल यांचा हक्क कायद्याने अर्धशतक जपला. हयात कोन्दोंचा हक्क त्याच कायद्याने धून जन्मताच मालकाच्या हाती दिला. सुगियामांचा हक्क मात्र त्यांच्याकडेच राहिला.