मंडळाच्या सूचना व निमंत्रणे : वर्षभराची आखणी

कार्यक्रम उत्तम झाला, पण अनेक सभासदांना तो होऊन गेल्यावरच कळला, अशी तक्रार बऱ्याच मंडळांत ऐकू येते. शहरभर विखुरलेल्या मराठी कुटुंबांना एकत्र आणायचे, तर कार्यक्रमाइतकीच त्याच्या निमंत्रणाचीही आखणी आधी व्हायला हवी. नवे पंचांग हाती आले, की कार्यकारिणीने वर्षभराचे सूचनांचे वेळापत्रक तयार करावे.

तिथी आणि तारीख
मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी) आणि महाराष्ट्र दिन (१ मे) यांच्या तारखा ठरलेल्या आहेत. गणेश चतुर्थी मात्र २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला येते. त्यामुळे गेल्या वर्षीचे वेळापत्रक जसेच्या तसे वापरू नये.

इंदूर-ग्वाल्हेरकडे स्थानिक पंचांग पौर्णिमान्त आहे, आपले अमान्त. त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिथे फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची असते, दिवस एकच. वडोदऱ्यात महिने आपल्यासारखेच, पण नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागते. म्हणून निमंत्रणात नुसती तिथी न देता तारीख, वार आणि वेळही द्यावी.

उलटी मोजणी
कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजत यावे :
• तीन महिने आधी : सभागृह व कलाकार निश्चित करणे
• दोन महिने आधी : तारीख जाहीर करणे, देणगीदारांना पत्रे
• एक महिना आधी : निमंत्रणपत्रिका
• आठ दिवस आधी व आदल्या दिवशी : आठवण

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मात्र संस्थेच्या घटनेतील मुदतीनुसार, विषयपत्रिकेसह पाठवावी. मुदत चुकल्यास सभेतील ठरावांवर आक्षेप येऊ शकतो.

कोणाला कसे कळवावे
व्हॉट्सअ‍ॅपवर सर्व सभासद नसतात. ज्येष्ठांना फोन करावा. त्यासाठी वस्तीनुसार एकेक कार्यकर्ता नेमावा. अनेक घरांतील मुले मराठी बोलतात, पण सराईतपणे वाचतात ती हिंदी, गुजराती किंवा कन्नड. त्यांच्यासाठी ठिकाण आणि वेळ स्थानिक भाषेतही छापावी.

सभासदांची यादी दरवर्षी तपासावी. घर बदललेल्या सभासदाचा नवा पत्ता यादीत नसेल, तर वेळेवर छापलेली पत्रिकाही त्याच्या हाती पडत नाही.