एकोणचाळीस मिनिटे

प्रताप नगरात आपल्या घड्याळात सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा सूर्याच्या सरासरी हिशेबाने तेथे साडेदहा वाजावयास तेरा-चौदा मिनिटे अवकाश असतो. कारण आपले घड्याळ नागपूरच्या सूर्यावर चालत नाही. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालते.

ही व्यवस्था फार जुनी नाही. १८६७ साली आगगाडी नागपुरास आली, तेव्हा गावोगावची वेळ निराळी होती. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ सर्वत्र धरली. तेथे वेधशाळा होती आणि मुंबई-कलकत्त्याच्या मधली ती वेळ होती. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची एकच प्रमाणवेळ सरकारने लागू केली.

मुंबईला हे रुचले नाही. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी तेथे मद्रासची वेळ आणली होती. लोकविरोधामुळे ती १८८३ साली मागे घ्यावी लागली. १९०६ साली तर वंगभंगाचा राग ताजा होता. गिरणी कामगारांत असंतोष उसळला, आणि महापालिकेने स्वतःची वेळ पुढे चाळीसहून अधिक वर्षे जपली. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. म्हणूनच जुन्या निमंत्रणपत्रिकांत वेळेपुढे 'स्टँ. टा.' ही अक्षरे छापीत.

ही जुनी कहाणी आज सांगावयाचे कारण संगणक. जगातील बहुतेक संगणक स्थानिक वेळेसाठी एकाच कोष्टकाचा आधार घेतात. त्यात साऱ्या भारताला 'एशिया/कोलकाता' ही एकच नोंद आहे. १९७० नंतर ज्या गावांची वेळ वेगळी राहिली नाही, त्यांना तेथे स्वतंत्र जागा नाही. साहजिकच मुंबईची वेळ त्यातून गळली. १९३५ साली मुंबईत जन्मलेल्या आजीची वेळ घरच्या वहीत 'सकाळी सहा' अशी असेल, तर ती कोणती सहा? संगणक निःशंकपणे प्रमाणवेळ धरतो, आणि पत्रिकेतील लग्न सुमारे दहा अंशांनी सरकते. नागपूरकरांनीही निश्चिंत राहू नये. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशाची घड्याळे एक तास पुढे होती. हे कोष्टकाला ठाऊक आहे. पण जो आज्ञावलीकार सरसकट साडेपाच तासच मोजतो, त्याला ठाऊक नसते.

दोष यंत्राचा नव्हे. वेळ म्हणजे निसर्गाचा आकडा नसून माणसांनी केलेला करार आहे, हे आपण विसरतो. म्हणून जाणते आज्ञावलीकार घडून गेलेल्या घटनेचा क्षण जागतिक वेळेत साठवतात आणि सोबत स्थळही लिहितात. उद्याच्या सभेची वेळ मात्र ते स्थानिक वेळेतच ठेवतात, कारण मधल्या काळात एखादे सरकार घड्याळ बदलू शकते. जुनी नोंद असेल तर मूळ शब्द जसेच्या तसे राखून ठेवावेत.

आपल्या वाडवडिलांनी हे दोन अक्षरांत साधले होते. घरातील जुन्या वह्या उघडाल, तेव्हा वेळ वाचण्याआधी एवढेच विचारा : हे घड्याळ कोणाचे?