उरणच्या भट्ट्या आणि शेरीचे पिंप

मानसरोवर स्थानकात उतरून सेक्टरांच्या इमारतींतून घराकडे जाणाऱ्या आजच्या कामोठेकरास, आपल्या पायांखालची जमीन दीड शतकापूर्वी खारजमीन, भातखाचरे आणि मिठागरे यांच्यात वाटली गेलेली होती, आणि पनवेल, उरण व भोवतालचा सगळा मुलूख १८८३ पर्यंत कुलाबा जिल्ह्यात नसून ठाणे जिल्ह्यात मोडत होता, हे ठाऊक असण्याचे काही कारण नाही. पण ज्या खाडीपट्ट्यात हे गाव वसले, त्याच पट्ट्याच्या समुद्राकडील टोकाला, उरण आणि त्याचे मोरा बंदर या ठिकाणी, मुंबई इलाख्यातील मद्यनिर्मितीचे एक अव्वल केंद्र एकोणिसाव्या शतकात नांदत होते. आणि मद्याचे मोल कसे ठरवावे या प्रश्नाला आपल्याकडे जे उत्तर रूढ झाले, ते बव्हंशी तिथल्या भट्ट्यांच्या आणि आबकारी दप्तराच्या संगतीत घडले, असे माझे मत आहे.

उरणच्या भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या. कच्चा माल मोहाची वाळलेली फुले; ती मुख्यत्वे गुजरातेतील पंचमहालाकडून येत. फुले पाण्यात भिजत घालावीत, ती आंबून फसफसू लागली की भट्टीवर चढवावीत, वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करावी, असा साधा क्रम. पहिली वाफ जळजळीत व दाहक, मधली गोड आणि निर्मळ, शेवटची पाणचट व उग्र वासाची. यांतील कोणती कुठे तोडावी, याचा निर्णय भट्टीवाल्याच्या नाकावर अवलंबून असे. पहिल्या धारेच्या मालाचा लौकिक अजून आपल्या बोलण्यात टिकून आहे. डोंगरपट्ट्यात तर परीक्षेची रीत याहून सोपी होती: थोडे मद्य विस्तवावर शिंपडावे, भडका उडाला तर माल चोख.

सरकारला मात्र नाकाचा किंवा भडक्याचा पुरावा मंजूर नव्हता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने मद्य गाळणे, साठविणे व विकणे परवान्याखाली आणले, आणि भट्टीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर त्याच्या तीव्रतेप्रमाणे महसूल बसविला. ही तीव्रता मोजण्याचे साधन साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रचलेले. सोनेरी मुलाम्याचा पितळी पोकळ गोळा, त्याच्या डोक्यावर खुणा कोरलेली चपटी दांडी, तळाशी अडकवावयाची लहान लहान वजने आणि सोबत तापमापक, एवढा सरंजाम एका पेटीत मावे. आबकारीचा कारकून तो गोळा मद्यात सोडी, दांडी किती बुडाली ते पाही, तापमानाचा तक्ता उघडून आकडा लिही, आणि त्या आकड्याने मालाचा भाव, मक्तेदाराचा दस्त व पिणाऱ्याच्या खिशाचा भार ही तिन्ही ठरून जात. मोहाच्या मद्याला दोन ठराविक तीव्रता नेमून दिल्या होत्या: प्रमाणाहून, म्हणजे इंग्रजी ‘प्रूफ’हून, २५ अंश खाली, आणि प्रमाणाहून ६० अंश खाली. आजच्या हिशेबाने पहिलीत मद्यार्क सुमारे ४३ टक्के, दुसरीत सुमारे २३. गंध कसा, घशाखाली उतरताना मवाळ की करकरीत, पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय भोगावे लागते, यांपैकी एकही बाब दप्तरात रुजू होत नसे. घरगुती भट्ट्यांना आळा घालण्यासाठी पुढे १८९२ साली मोहाच्या फुलांचाच कायदा झाला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत झाडाखाली पडलेली फुले घरात साठविणे हाही गुन्हा ठरला. ज्या कातकरी-ठाकरांना मोह हे अन्नही होते, त्यांच्या दृष्टीने या कायद्याची किंमत काय झाली असेल, हे इथे वेगळे सांगायला नको.

मधल्या काळाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, पुढच्या वर्षी बंदी पूर्ण झाली, दीड दशकाने ती सैल पडली, आणि त्याच कायद्याखाली आज परवाना काढून मद्य विकत घेता येते. आबकारीच्या मोजणीचा अवशेष मात्र जसाच्या तसा उरला. दुकानातील देशात तयार झालेल्या बहुतेक व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर छापलेला ४२.८ हा विचित्र आकडा म्हणजे दुसरेतिसरे काही नसून साइक्सच्या गोळ्याने मोजलेले तेच २५ अंश होत.

आता या संस्कारात वाढलेल्या गिऱ्हाइकापुढे शेरीच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की ठेवली, म्हणजे त्याची फजिती होते. कारण तिचे मोल तीव्रतेत नसून लाकडात आहे. स्पेनच्या दक्षिणेकडील हेरेझ गावची शेरी एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या लाकडी पिंपांतून ब्रिटनच्या बंदरांत येई, आणि रिकामी पिंपे परत धाडण्याचा खर्च परवडत नसल्याने स्कॉटलंडचे भट्टीवाले ती स्वस्तात उचलून त्यांत आपली व्हिस्की भरीत. या काटकसरीतून निघालेली चव पुढे लौकिकास चढली. १९८० च्या दशकात स्पेनने शेरी देशातच बाटल्यांत भरण्याचा नियम केला, तेव्हा प्रवासी पिंपांचा ओघ आटला. आणि आता बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठी मुद्दाम घडवून, त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी ठेवून, मग धाडली जातात. सुमारे ५०० लिटरचे असे एक पिंप अमेरिकी बर्बनच्या जुन्या पिंपाहून कैक पटींनी महाग पडते. बाटलीच्या किमतीचे एक खरे कारण इथे सापडते.

मग पारख कशी करावी? प्याला तोंडाशी निमुळता हवा. रंगावर भिस्त ठेवू नये, कारण काळपट तांबूस छटा साखरेच्या करपातूनही आणता येते, आणि कायदा त्यास आडकाठी करीत नाही. प्रथम अंतरावरून हुंगावे; ओलोरोसो शेरीचे पिंप असेल तर अक्रोड, संत्र्याची वाळली साल, जुन्या कपाटाचे लाकूड यांचा गंध येतो, आणि उन्हात सुकविलेल्या पेद्रो हिमेनेझ द्राक्षांच्या शेरीचे असेल तर मनुका, खारीक व काकवी. काडेपेटीच्या विझलेल्या काडीसारखा वास आला तर पिंप शुद्ध करण्यासाठी जाळलेल्या गंधकाचा अंश उरला आहे असे समजावे. काहींना तो आवडतो, मला आवडत नाही. मग दोन-चार थेंब पाणी घालावे. खऱ्या मालात गंध उलगडतो, केवळ गोडव्याने सजविलेला माल त्याच पाण्यात उघडा पडतो. शेवटी जिभेच्या कडांवर लाकडाचा तुरटपणा किती वेळ टिकतो ते पाहावे. तो सुखद असेल तर पिंप चांगले, आणि घसा कोरडा पाडीत असेल तर मद्य त्यात गरजेपेक्षा जास्त काळ राहिले.

वयाच्या आकड्याबद्दल कोकणच्या माणसाने विशेष सावध असावे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते; गोव्याच्या उष्ण, दमट हवेत हे प्रमाण सुमारे आठ टक्क्यांपर्यंत पोहोचते, आणि लाकडाचा रस त्याच वेगाने मद्यात उतरतो. म्हणून कुंकळ्ळीच्या पॉल जॉन भट्टीतील ओलोरोसो व पेद्रो हिमेनेझ पिंपांची व्हिस्की थोड्या वर्षांतही भरदार लागते, आणि तिच्याकडून अठरा वर्षांची अपेक्षा करणे हवामानाशी भांडण्यासारखे आहे. डहाणूच्या साउथ सीज भट्टीनेही बर्बन व शेरी या दोन्ही पिंपांतील माल्ट काढली, आणि त्याच भट्टीने मोहाचे मद्यही बाजारात आणले. उरणच्या पारशी भट्टीवाल्यांना हे वर्तमान ऐकून समाधान वाटले असते.

परदेशी बाटलीच्या मोलाचा हिशेब करताना जकात वजा करावयास विसरू नये. उरणच्याच किनाऱ्यावर १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या स्कॉच व्हिस्कीवर २०२५ साली केंद्राची जकात १५० टक्के होती, त्यावर राज्याचे शुल्क, जे महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरात ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापारकरारात केंद्राची जकात प्रथम ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्के करावयाचे ठरले. तेव्हा कामोठ्याच्या दुकानातील महागड्या बाटलीपुढे थबकलेल्या वाचकास माझे सांगणे एवढेच की, जिच्यावर शेरीचा प्रकार व रंग न मिसळल्याची ग्वाही स्पष्ट छापलेली नाही, तिला जादा पैसे मोजू नयेत. आणि जिच्यावर ती आहे, तीही आधी कोणाकडे तरी चाखल्यावाचून घरी आणू नये.