पुढाऱ्यांचे दप्तर आणि कामगारांचा इतिहास

कोणत्याही चळवळीचा इतिहास लिहावयाचा म्हटले की प्रथम तिचे दप्तर शोधावे लागते. संस्थानांनी आपली दप्तरे राखली, देवस्थानांनी जमाखर्चाच्या वह्या राखल्या, पेढ्यांनी कीर्द-खतावण्या राखल्या. कामगारांच्या संघटनांपाशी मात्र आरंभी कागद ठेवावयास कपाटही नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जो अर्ज केला, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. एवढे कार्य करणाऱ्या त्या मंडळीपाशी सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता आणि लेखी घटनाही नव्हती. तिच्याविषयी आपण जे जाणतो, ते मुख्यतः सरकारी अहवालांवरून व वृत्तपत्रांवरून.

अखिल भारतीय पातळीवरची पहिली संघटना जन्मास आली तीही एका प्रश्नातून : कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? पहिल्या महायुद्धानंतरच्या तहान्वये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. तिच्या परिषदेस पाठवावयाचा कामगार-प्रतिनिधी देशातील प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने नेमावा, असा नियम ठरला. हिंदुस्थानात तशी संघटनाच नव्हती. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेस सरकारने आपल्या मते नारायण मल्हार जोशी ह्यांना पाठविले. ह्यावर असंतोष प्रकट झाला, आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईस ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजेच 'आयटक', हिचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी लाला लजपतराय होते व दिवाण चमनलाल सरचिटणीस झाले.

ज्यांच्या नेमणुकीवरून हा वाद उद्भवला, ते जोशीच पुढे १९२५ ते १९२९ आणि पुन्हा १९४० ते १९४८ ह्या काळात आयटकचे सरचिटणीस होते. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी १८७९ साली जन्मलेले हे गृहस्थ भारत सेवक समाजाचे सभासद; १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापणारे, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू दीर्घकाळ मांडणारे. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात फूट पडली तेव्हा ते आयटकबाहेर पडले, आणि ऐक्यानंतर पुन्हा तिचे सूत्रधार झाले. त्यांचे कागद आज दिल्लीस तीन मूर्ती भवनातील संग्रहालयात आहेत. नेहरूंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेस २०२३ साली प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय हे नाव मिळाले. आयटकचेही कागद तेथेच ठेवलेले आहेत.

अशा संग्रहाचे मोल मोठे आहे. परंतु तो वाचताना एक गोष्ट ध्यानी धरावी लागते. राष्ट्रीय पुढाऱ्याचा पत्रव्यवहार स्वभावतःच वरच्या दिशेने वाहतो : सरकारच्या खात्यांकडे, जिनिव्हाकडे, अन्य प्रांतांतील पुढाऱ्यांकडे. त्याची भाषा बहुतांशी इंग्रजी. परळच्या चाळीतील विणकराला जे सांगावयाचे होते, ते तो गिरणीच्या दारावरील सभेत मराठीत सांगे. त्याचा कागद झालाच नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यातील असावेत असे ठरविले; ह्याचाच अर्थ उरलेले निम्मे बाहेरचे असण्यास मुभा होती, आणि ते पुष्कळदा आमच्यासारखे वकील असत. मागे राहिले ते लेखन बहुधा ह्या बाहेरच्यांचे.

दुसरे दप्तर संघटनेने राखलेलेच नव्हे. ते पोलिसांनी राखले. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने सार्वत्रिक संप चालला व सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. पुढच्या वर्षी, २० मार्च १९२९ रोजी, देशभर झडत्या होऊन कामगार चळवळीतील पुढाऱ्यांस अटक झाली आणि मीरतचा खटला उभा राहिला. श्रीपाद अमृत डांगे, स. वि. घाटे, के. नी. जोगळेकर, र. शि. निंबकर, शां. सा. मिरजकर ही मराठी नावे त्यात होती. मुंबई वा कलकत्त्यास खटला भरला असता तर ज्यूरीपुढे चालवावा लागला असता. मीरतेस तो प्रश्न नव्हता. जानेवारी १९३३ मध्ये सत्र न्यायाधीशांनी शिक्षा सुनावल्या आणि त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात त्या पुष्कळ कमी केल्या. ह्या खटल्यात संघटनांची पत्रे, पत्रके, भाषणांची टिपणे असे अगणित कागद पुरावा म्हणून दाखल झाले व त्यामुळेच टिकले. ज्या हातांनी संघटना मोडावयाची होती, त्याच हातांनी तिची कागदपत्रे जपली! मात्र ती निवड फिर्यादी पक्षाची होती. कट सिद्ध करण्यास जे उपयोगी नव्हते, उदाहरणार्थ आजारी सभासदास दिलेली मदत किंवा मुकादमाविरुद्धची तक्रार, ते पुराव्यात कशास यावे?

तिसरे उदाहरण ह्याहून नाजूक आहे. १९२४ साली कानपूरच्या खटल्यात डांगे ह्यांना चार वर्षांची शिक्षा झाली होती. चाळीस वर्षांनी, मार्च १९६४ मध्ये, त्यांच्या नावावरची त्या काळातील काही पत्रे राष्ट्रीय अभिलेखागारातून निघून प्रसिद्ध झाली. तुरुंगातून सुटकेच्या बदल्यात सरकारला साह्य करण्याची तयारी त्यांत दर्शविली होती, असा आरोप होता. डांगे तेव्हा आयटकचे सरचिटणीस होते. ती पत्रे बनावट आहेत असे त्यांनी सांगितले. पुढच्याच महिन्यात कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून बत्तीस सभासद उठून गेले. त्या फुटीस इतर मोठी कारणे होतीच, परंतु ह्या पत्रांनी तिला धार आणली.

पत्रे खरी की खोटी ह्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण कायदा येथे एक उपयुक्त भेद शिकवितो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ९० व्या कलमात सांगितले होते की, तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरील सही व हस्ताक्षर ज्याचे म्हणून दिसते त्याचेच आहे, असे न्यायालयास गृहीत धरता येईल. नव्या, २०२३ च्या, साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. 'धरता येईल' ह्या शब्दांत सारे आले. ते गृहीतक ऐच्छिक आहे व विरुद्ध पुराव्याने खोडता येते. शिवाय सही खरी ठरल्याने मजकूर खरा ठरत नाही. सरकारी कपाटातून कागद निघाला एवढ्यावरून तो निर्णायक मानणे आणि आपल्या पुढाऱ्याविरुद्ध आहे एवढ्यावरून तो बनावट मानणे, ह्या दोन्ही वृत्ती इतिहासाच्या कामी सारख्याच निरुपयोगी होत.

मग सामान्य सभासदाचा कागद कोठे आहे? १९२६ च्या कायद्याने नोंदणी झालेल्या संघास दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठविण्याचे बंधन घातले, आणि हिशेबाची वही व सभासदांची यादी पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदास दिला. तेच खरे तळाचे दप्तर. पुढे काही प्रयत्न झाले. १९९८ पासून नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत भारतीय श्रमाचे अभिलेखागार उभे राहिले. मीना मेनन व नीरा आडारकर ह्यांनी गिरणगावातील स्त्रीपुरुषांच्या तोंडच्या आठवणी जमवून २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. कागद नसेल तेथे जिवंत साक्षीदार विचारावा, हा न्यायालयाचा जुना मार्ग त्यांनी इतिहासात आणला.

ह्या गोष्टी केवळ विद्वानांच्या नव्हेत. इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडल्यावर सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न तीन दशके रेंगाळला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यापोटी २२४ कोटी रुपये देण्यात आले. इतक्या काळात कित्येक मूळ कामगार निवर्तले असणार. अशा वेळी वारसाला सिद्ध करावे लागते की आपला बाप त्या गिरणीत होता व इतकी वर्षे होता. तेथे हजेरीचे कार्ड, वर्गणीची पावती, पगाराची चिठ्ठी हाच त्याचा आधार.

इंदूर, बडोदे, बेळगाव, मुरगाव बंदर, हैदराबाद ह्या गावी जुन्या युनियनचे चिटणीस, त्यांचे वकील व त्यांचे वारस आजही आहेत. घर आवरताना निघणारे सभावृत्तांत, पावतीपुस्तके, संपाची पत्रके रद्दीत घालण्यापूर्वी ती जवळच्या ग्रंथालयास वा विद्यापीठास दाखवावी, आणि देताना ती कोणाच्या घरी, कोणाच्या ताब्यात होती हे एका ओळीत लिहून द्यावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. ती एक ओळ नसली म्हणजे काय होते, हे १९६४ च्या वादाने पुरेसे दाखविले आहे.